यात्रेचा वाटा

"खावं गं. काही होत नाही."

एवढंच वाक्य. ते बोलून शालूबाईनं हातातली मटणाची नळी पुन्हा तोंडाला लावली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की नळी केव्हाच रिकामी झालीय आणि आपण नुसतीच हवा ओढतोय. सोप्यातली बायकांची पंगत अजून हसत होती. गल्लीची यात्रा होती, आषाढातली, टेंबलाईची. सकाळी पोरी पंचगंगेच्या नव्या पाण्याचे कलश डोक्यावर घेऊन टेकडीवर जाऊन आल्या होत्या, त्यांच्यापुढं पिपाणी-ढोलाचं पी-ढबाक वाजत गेलं होतं, आणि दुपारपर्यंत बकऱ्यांचे वाटे घरोघर पोचून शिजलेही होते. पुरुषमाणसं जेवून बाहेर कट्ट्यावर सुपारी कातरत बसली होती. आत अंबूबाईच्या सोप्यात शेवटची पंगत बायकांची. वाढून वाढून दमलेली अंबूबाईची सून अनुजा आत्ता कुठं ताटावर बसली होती, आणि तिच्या ताटात भाकरी होती, कांदा होता, दह्याची वाटी होती, रस्सा नव्हता.

अंबूबाईनं तांबड्या रश्श्याची पळी उचलली तशी अनुजानं ताटावर हात आडवा धरला होता. "नगं, आत्ती."

"का गं? उपास हाय?"

"न्हाय. देवीच्या वाट्याचं मी खाणार न्हाय. मी येशूच्या मागं चाललोय."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग पलीकडच्या घरातली चिमणाबाई, जिला कुठल्याही मयतीतसुद्धा हसू आवरत नाही, ती म्हणाली, "बया! मागं चाललाय म्हंजे कुठवर? टेंबलाईपतोर, का तिच्याबी पुढं?" आणि पंगत फुटली. अंबूबाई रागावली नाही. पोरानं आज शाळेत जाणार नाही म्हणावं तितपतच तिनं ते घेतलं. पळी तशीच हवेत धरून ती शालूबाईकडं वळली. "ऐकलासा? आवं शालूबाई, तुमी सांगा हिला. तुमी येशूच्या न्हाईसा व्हय? तुमी तर नळी चोखाय लागलाय की!"

त्यावर ते वाक्य. अनुजानं एकदा मान वर करून शालूबाईकडं पाहिलं. बाजारात ओळखीचं माणूस दिसावं, आपण लगबगीनं जवळ जावं आणि ते दुसरंच कुणी निघावं, तसं ते बघणं होतं. मग ती खाली मान घालून दह्याशी भाकरी खायला लागली. हळूहळू, एकेक घास चावून. तिनं ताट टाकलं नाही की डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

शालूबाई आपल्या खोल्यांत आली. मागच्या अंगच्या या दोन खोल्या आणि अंबूबाईचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. साबण लावून लावून हात धुतले तरी बोटांचा मसाल्याचा वास जाईना. पलीकडं भांडी वाजत होती, यात्रेच्या दिवशी वाजतात तशीच, पण आज प्रत्येक आवाजात ती अनुजाला शोधत होती. आत्ता घागर आदळली ती कुणी? कुणी काही बोललं का तिला? भिंतीला कान लावायची शालूबाईला गरज नव्हती. दुसऱ्यांची बोलणी ऐकण्यातच तिची नोकरी गेली होती. टेलिफोन खात्यात ती ऑपरेटर होती, ट्रंककॉलच्या दिवसांत. कानाला हेडफोन लावायचा, कोल्हापूरचा माणूस मुंबईच्या माणसाला जोडून द्यायचा आणि आपण मधून बाजूला व्हायचं. लग्नं ठरली, माणसं गेली, गुळाचे भाव पडले, भावाभावांनी एकमेकांना शिव्या घातल्या, ते सगळं तिच्या कानावरून वाहून गेलं. त्यात आपलं एकही वाक्य घालायचं नाही, हा नियम. 'बोला, चालू आहे,' इतकंच म्हणायचं. साहेबलोक म्हणायचे, शालूबाईंचा आवाज म्हणजे दुधावरची साय. 'खावं गं' हेही ती त्याच आवाजात म्हणाली होती. पंगतीतल्या बायकांना तो आवाज किती समजूतदार वाटला असेल.

आणि तसं पाहिलं तर तिची चूकही नव्हती. वडिलांनी तिला लहानपणीच बायबलातल्या प्रेषिताचा दाखला देऊन समजावलं होतं की मटण ते मटण. आभार मानून खाल्लं तर अन्नात पाप नसतं, पाप माणसाच्या आतून येतं. या आधारावर तिनं गल्लीच्या यात्रेत वर्षानुवर्षं वाटा घेतला होता. कुणाला ते खुपलं नव्हतं. शिकवणीतला पुढचा भाग मात्र वडिलांनी सांगितला नव्हता, तो तिनं मोठेपणी आपला आपण वाचला होता: की माझ्या खाण्यानं एखाद्या नवख्या भावाला ठेच लागणार असेल, तर मी जन्मात मटणाला हात लावणार नाही, असंही तोच प्रेषित म्हणतो. तिथं आली की शालूबाई दर वेळी पटकन पुढं सरकायची. या गल्लीत आपल्याशिवाय आहेच कोण, ठेच लागायला?

शुक्रवारचा उपास ती कसोशीनं पाळायची. पहाटेची प्रार्थना, दुपारचा अध्याय, शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. यात सरकारी बदली, ताप, आईचं आजारपण, कशानंही खंड पडला नव्हता. पण गल्लीची यात्रा मंगळवारी नाहीतर शुक्रवारी यायची, आणि आषाढ लागला की ती मनातल्या मनात देवाला विनवायची की यात्रा मंगळवारी येऊ दे. एका वर्षी ती शुक्रवारी आली. त्या आठवड्यात शालूबाईनं उपास गुरुवारी धरला आणि शुक्रवारी अंबूबाईकडं पोटभर जेवली. तेव्हा तिला स्वतःच्या व्यवहारीपणाचं थोडं कौतुकच वाटलं होतं. देवाला काय, गुरुवार आणि शुक्रवार सारखेच. आज आठवून मानेवरून घाम ओघळावा तसं काहीतरी ओघळलं. आपण इतकी वर्षं पाळली ती व्रतं कुणालाही अडचण होणार नाही अशा बेतानंच पाळली होती का?

या खोल्या केरबानं दिल्या होत्या, अंबूबाईच्या नवऱ्यानं. तेव्हा शालूबाईला नुकतीच नोकरी लागली होती आणि तिला व तिच्या आईला पेठेत कुणी जागा देईना. नाव विचारलं, चर्च विचारलं, मग जागा नुकतीच गेलेली असायची. केरबाला गल्लीतल्या एकानं हटकलं तेव्हा तो कट्ट्यावर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "मी भाड्यानं माणसं ठेवतोय, मर्दा. त्यांचा देव त्यांच्या संगट येतोय, त्यो काय जागा मागत न्हाय." केरबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शालूबाईची आई वारली तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या बायका पोचायच्या आत अंबूबाई पदर खोचून आली होती. दोघींनी मिळून आईला अंघोळ घातली. म्हातारीचे केस विंचरताना अंबूबाई म्हणाली होती, "तुमच्यात काय म्हणायचं असंल ते म्हणा, मी गप बसतो. पर यीणी मला घालू दे." आणि ती वेणी घालून अंबूबाई तिथंच ओरडून रडली होती, सख्ख्या लेकीसारखी. शालूबाईनं लग्न केलं नाही. ज्याला घर म्हणावं असं तिला या भिंतीपलीकडचंच होतं. अंबूबाईचा विजयसिंह तिच्या मांडीवर खेळला, तिच्या हातचे केक खाऊन वाढला, अजून मावशी म्हणतो. अनुजा त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी पेठ वडगावहून लग्न होऊन आली.

अनुजा दुपारची यायची. कधी शेंगा सोलायला घेऊन, कधी नुसतीच. "मावशी, तुमच्याकडं वारं बरं येतंय." शालूबाई तेव्हा आपला अध्याय वाचत असायची, आणि ती मोठ्यानं वाचायची. सवयच होती. आईला दिसेनासं झालं तेव्हा आईसाठी मोठ्यानं वाचायची, आई गेली तरी आवाज राहिला. पहिल्यांदा अनुजा आली तेव्हा तिनं वाचन थांबवलं होतं. अनुजाच म्हणाली, "वाचा की. मी काय आडवी येतोय?" शालूबाईनं एका शब्दानंही तिला कधी शिकवलं नाही, काही समजावून सांगितलं नाही, चर्चला ये म्हटलं नाही. ती वाचत गेली, अनुजा शेंगा सोलत गेली. एकदा पुनरुत्थानाचा भाग होता. पहाटे कबरीपाशी रडत उभी असलेली मरीया, मेलेल्यांतून उठून समोर आलेला येशू तिला माळीच वाटतो, आणि मग तो तिला फक्त नावानं हाक मारतो. अनुजाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"नुसतं नाव घेतलं?"

"हो."

"आन् तेवढ्यावर वळकलं तिनं?"

"हो गं."

"परत वाचा की तेवढंच."

शालूबाईनं परत वाचलं. अनुजा म्हणाली, "आमच्या घरात मला नाव घेऊन कोण हाक मारत न्हाय, मावशी. आत्ती 'गं' म्हणत्यात, हे 'ऐकलं का' म्हणत्यात. वाईट कोण न्हाय. सगळी चांगलीच हाईत. पर नाव घेत न्हाईत." तेव्हा शालूबाईनं पुस्तक मिटून चहा टाकला होता. चहा गाळताना तिला फार आनंद झाला होता आणि त्या आनंदाचीच भीतीही वाटली होती. आपण फक्त जोडून दिलं, असं तिनं मनाशी म्हटलं होतं. पुढचं बोलणं त्यांचं त्यांचं. आपण मधून बाजूला. पण गेल्या नाताळात अनुजा एकदा चुलीवरून दूध उतरवावं तितक्या सहजपणे म्हणाली, "मावशी, मी ठरवलंय." काय ठरवलंय, ते शालूबाईनं विचारलंच नाही. "बरं," म्हणाली आणि खिडकी लावली.

शालूबाईचे आजोबा हातकणंगल्याकडचे. त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी भाऊबंदांच्या घरी लग्न होतं. आजोबा पानावर बसले होते आणि त्यांना हाताला धरून उठवलं गेलं. ते उठले, पाठीमागं पाण्याचा तांब्या होता त्यानं हात धुतले, आणि पुन्हा आयुष्यात त्या घरी जेवले नाहीत. ही गोष्ट घरात दर नाताळाला सांगितली जायची, करंज्या तळता तळता, इतक्या वेळा की तिला करंज्यांचाच वास लागला होता. लहानपणी शालूबाईला वाटायचं की आजोबांनी सगळ्या घराचं मिळून जे काही करायचं ते करून ठेवलंय. कुणीतरी विहीर खणून ठेवावी तसं. पुढच्यांनी नुसतं शेंदायचं, आणि पाणी गोड आहे म्हणून आभार मानायचे. आज ती तोंडानं आजोबांपासून घरात चालत आलेली प्रार्थना म्हणायला बसली आणि तिच्या डोळ्यांपुढं आजोबा येईनात. एक चोवीस-पंचवीस वर्षांची पोर येत होती, जी पानावरून उठली नव्हती, जिला कुणी उठवलंही नव्हतं, जी हसणाऱ्या बायकांच्या मध्ये बसून दह्याशी भाकरी खात होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विजयसिंह आला. उद्यमनगरातल्या त्याच्या वर्कशॉपमधून थेट आला असावा, हातांना अजून लेथचं तेल होतं. दारात चप्पल काढून तो लहानपणी बसायचा तसा खाली फरशीवरच बसला.

"चहा टाकते."

"नगं, मावशी. हिचं काय करायचं तेवढं सांगा."

तो बोलत गेला. "काल रात्री नैवेद्याचं ताट उचल म्हटलं, तर आत्तीला कामात सगळी मदत करतो म्हणाली, पर ताट ठेवणार न्हाय. आईचा पारा चढला. आता पंगतीतलं हसण्यावारी गेलं, पर देव्हाऱ्यातलं कसं जायाचं? कुणी शिकवलं म्हणून इचारलं, तर गप. हूं न्हाय का चूं न्हाय. फोन तपासला. फोनात भैनीचं फोटू आन् रेसिप्या. मावशी, खरं सांगा, तुमच्या चर्चमधलं कोण येतंय जातंय का गल्लीत?"

"नाही रे. कुणी येत नाही."

हे अगदी खरं होतं. 'कुणी येत नाही,' आणि शालूबाई ते सायीच्या आवाजात म्हणाली.

"न्हाय, तुमच्यावर कुणाचा डाऊट न्हाय बरं का. आई काल तेच म्हणत होती. म्हणाली, शालूबाईंकडं बघ. जलमापास्नं ख्रिश्चन, पर आपल्यात बसून खात्यात, पित्यात, कुणाला तरास न्हाय. हिला येशू पायजे तर असू दे, पर म्हणावं शालूबाईवानी हो." तो हसला, दमलेलं हसू. "उद्या सकाळी तिला वडगावला सोडतो. तिच्या बाला सांगतो, डोकं ठिकाणावर आलं की आणून सोडा."

"आणि नाही आलं तर?"

विजयसिंहनं बोटांवरचं तेल दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चोळलं. "ते मी अजून मनात आणलं न्हाय."

"तू हात तर उचलला नाहीस ना तिच्यावर?"

"काय मावशी! मला असं वळखलासा व्हय?"

तो गेल्यावर शालूबाई उभीच राहिली. शालूबाईवानी हो. तिनं अनुजाला वाचून दाखवलं ते कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, कारण तिनं नळी चोखली होती. आपण खाल्लेलं मटणच आपल्या बाजूनं साक्षीला उभं राहिलंय. आणि अनुजा? तिच्या ओठांवर नाव होतं, एका शब्दानं तिची अर्धी सुटका झाली असती, 'मागच्या मावशीनं वाचून दाखवलं' म्हटलं असतं तर सगळा रोख इकडं वळला असता. ती बोलली नाही. शिकणारी शिकवणारीला पदराआड धरून बसली होती.

तिनं पाळकसाहेबांना फोन लावला. भले माणूस, वयानं तिच्यापेक्षा लहान, चर्चचं छप्पर दुरुस्त करता करता अर्धे झालेले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "आपण तिला प्रार्थनेत ठेवू. पण शालूबाई, सध्या दिवस कसे आहेत ते तुम्ही बघताच. मंडळीचं नाव मध्ये येऊ देऊ नका. शेवटी घरगुती बाब आहे." ती "हो" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की पाळकसाहेबांकडून हेच ऐकायला मिळावं म्हणून आपण फोन केला होता, आणि मिळालं तरी छातीवरचं काही हललं नाही.

पहाटे ती नेहमीप्रमाणे पलंगापाशी गुडघ्यांवर बसली. गुडघे टेकले, शब्द टेकेनात. सांगून उपयोग काय, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता, आणि तो फार शहाणा प्रश्न होता. सांगितलं म्हणून अनुजाचं वडगावला जाणं थोडंच टळणार आहे? उलट एकीच्या जागी दोघी तुटतील. अंबूबाईचं मन मोडेल. विजयसिंह पुन्हा या फरशीवर बसणार नाही. म्हातारपणी खोल्या सोडून कुठं जायचं? सगळी उत्तरं बरोबर होती. पण शुक्रवारच्या उपासाचा उपयोग काय, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आईला मोठ्यानं वाचून दाखवताना, आई झोपलेली असतानाही वाचत राहताना, उपयोग विचारला नव्हता. फक्त जिथं काहीतरी खरंच हातचं जाणार आहे तिथंच हा हिशेबी प्रश्न उठून उभा राहतो. तिला वाटलं, देवानं आपल्याला नावानं हाक मारावी. मारली नाही. पलीकडं मोटारीची डिकी उघडल्याचा आवाज आला, आणि शालूबाई गुडघ्यांवरून उठली, ती आमेन म्हणायचंही विसरून.

घरातल्या सपाता पायांत, चष्मा हातात, अशी ती पुढच्या दारी आली. विजयसिंह मोटार पुसत होता, पुसण्यासारखं काही नसताना. अनुजा पायरीवर बॅग घेऊन बसली होती. अंबूबाई आतून डबा घेऊन येत होती. रागावली असली तरी सुनेबरोबर चटणीचा डबा दिल्याशिवाय तिला राहवलं नव्हतं.

"या शालूबाई. बघा आमचं काय चाललंय सकाळच्या पारी. तुमी तरी सांगा चार शब्द."

"सांगायलाच आले. अंबूबाई, हिला कुणी शिकवलं असं विचारत होता तुम्ही. मी."

"काय मी?"

"मी वाचत होते रोज दुपारी. ती ऐकत होती. तिनं पुन्हा वाचा म्हटलं की मी पुन्हा वाचत होते. मला दिसत होतं तिच्या मनात काय होतंय ते. आनंद होत होता मला. मी तुमच्यापासून लपवलं."

अनुजा पायरीवरून उठली. "मावशी, कशाला..." आणि थांबली. विजयसिंहच्या हातातलं फडकं बॉनेटवरच राहिलं. अंबूबाईनं डबा हळूच कट्ट्यावर ठेवला. तिचं तोंड लालभडक व्हायला वेळ लागला, आणि ती बोलली ते ओरडून नव्हे; शालूबाईनं तयारी केली होती ती ओरडण्याची.

"मंग त्या दिशी पंगतीत 'खावं गं' म्हणालासा, ते?"

"भ्याले."

"कुणाला?"

"तुम्हाला. तुम्ही तोडाल म्हणून."

"तोडलंच असतं की! आत्ताबी तोडतोय. माझ्या घरात बसून माझ्या सुनंला माझ्या देवापास्नं तोडलासा, मंग मी काय आरती ओवाळू तुमची?" अंबूबाईचा श्वास लागला. तिनं खांबाला हात टेकला. "पर शालूबाई, ते एक येळ मी गिळलं असतं. तुमचा धरम तुमी वाचणारच. त्या पोरीला मात्र तुमी पंगतीत एकटी पाडलासा. तिनं तुमच्याकडं बघितल्यालं मी बघितलंय. आन् तुमच्या जिवावर आमी सगळ्या हसलो तिला. मी हसलो माझ्या सुनंला, माझ्याच सोप्यात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता ह्या उंबऱ्यात येऊ नगासा. खोल्यांचं काय ते इजय बघंल."

शालूबाई मान हलवून वळली. इथवरचंच तिनं ठरवलं होतं. एक वाक्य बोलायचं, मिळेल ते घ्यायचं, आपल्या खोलीत जाऊन दार लावायचं आणि रडायचं. रडण्याच्या कल्पनेत थोडं समाधानही होतं. पण मागून विजयसिंहचा आवाज आला, आणि त्यात मावशी हा शब्द नव्हता.

"कुठं चाललासा? बसा गाडीत. तिच्या बाला काय सांगायचं ते तुमीच सांगा. मी कुठल्या तोंडानं सांगू?"

तिच्याकडं पर्स नव्हती, अंगावर घरातलं लुगडं होतं, पायांत सपाता. ती बसली. अनुजा शेजारी बसली. अंबूबाईनं डबा खिडकीतून आत सरकवला आणि कुणाकडंही न बघता घरात गेली.

शिरोलीच्या पुलावरून जाताना खाली नदी गढूळ, रुंद, घाईत होती. शालूबाईला वाटत होतं की आता काहीतरी हलकं वाटायला हवं. साक्ष दिल्यानंतर हलकं वाटतं असं ती आयुष्यभर ऐकत आली होती. वाटत नव्हतं. डोक्यात अंबूबाईनं आईला घातलेली वेणी होती, जिचं टोक तिनं शेवटी आपल्या दंडाला बांधायच्या काळ्या दोऱ्यानं बांधलं होतं. जे गेलं ते खरंच गेलं होतं. विजयसिंह समोर बघून गाडी चालवत होता, आरशातसुद्धा बघत नव्हता. वाठारच्या फाट्याला गाडी वळली तेव्हा अनुजा हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तिथं तुमी काय बोलू नगासा. मी बोलतो. बाबा लई तापट हाईत."

"माझं नाव का नाही सांगितलंस गं तू?"

"तुमी खाल्लासा न्हवं. मला वाटलं, तुमाला सांगायचं न्हाय." तिच्या बोलण्यात बोच नव्हती; शेंगा सोलताना बोलायची तशीच ती बोलत होती. दोन्ही हातांनी तिनं बॅगेचा बंद गच्च धरला होता. ऊस, वीटभट्टी, मग पेठ वडगावची पहिली दुकानं मागं गेली. "मावशी, एक इचारू? पयल्यांदा असंच असतंय व्हय? पोटात गोळा आल्यासारखं? मंग जातंय का हळूहळू?"

शालूबाई काही समजूतदार सांगणार होती. आवाज तयारच होता.

"माहीत नाही गं, अनुजा," ती म्हणाली. "माझंही पहिल्यांदाच आहे."

अनुजानं तिच्याकडं पाहिलं. गाडी एका हिरव्या फाटकापुढं थांबली. फाटकात एक उंच, जाड भुवयांचा माणूस उभा होता. जावयाची गाडी बघून तो हसला, मग आतली तोंडं बघून हसू राहिलं तिथंच राहिलं. विजयसिंहनं इंजिन बंद करायच्या आतच शालूबाईनं आपल्या बाजूचं दार उघडलं, सपाता चिखलात टेकवल्या आणि ती आधी उतरली.